दरवाढ सांगितली की ग्राहक गप्प: फ्रीलान्स लेखकांची नेहमीची अडचण आणि तिचा इलाज

तक्रार बहुतेकांची सारखीच असते. तीन-चार वर्षं एकाच दरात काम चाललेलं असतं. एक दिवस धीर करून व्हॉट्सॲपवर ‘सर, पुढच्या महिन्यापासून दर थोडे वाढवायचा विचार आहे’ असा निरोप जातो. दोन निळ्या खुणा दिसतात, उत्तर येत नाही. आठवड्याने ‘बघतो’ येतं आणि त्या महिन्यात नेहमीच्या सहा ब्लॉगऐवजी दोनच येतात. मग लेखक घाबरून स्वतःच ‘जुन्या दरातही चालेल’ म्हणतो आणि विषय दोन वर्षांसाठी मिटतो. दोन वर्षांनी पुन्हा हेच.

अशा वेळी दोष आकड्याला दिला जातो, पण त्या निरोपात आकडा कुठे होता? ‘थोडे’ म्हणजे किती, ‘विचार आहे’ म्हणजे ठरलंय की नाही, हातात असलेल्या कामाचं काय, यातलं काहीच त्यात नाही. ताकाला जाऊन भांडं लपवण्याचाच हा प्रकार. शिवाय तुमचा निरोप वाचणारा माणूस बहुतेक वेळा पैसे मंजूर करणारा नसतो. नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या बिल्डरच्या ऑफिसात हा निरोप मार्केटिंगवाल्या मुलीकडे जातो. तिला तो शेठना दाखवायचा असतो, शेठना अकाउंटंटला विचारायचं असतं. ‘थोडे वाढवायचा विचार आहे’ हे ती शेठना काय म्हणून दाखवणार? म्हणून ती गप्प बसते. तिने नकार दिलेला नसतो, पुढे पाठवण्याजोगं तिच्या हातात काही नसतं.

इथून पुढे जे काही सांगितलंय ते याच एका गोष्टीभोवती आहे: दरवाढीचा निरोप तुमच्या मदतीशिवाय दोन टेबलं ओलांडू शकला पाहिजे.

आधी तपासणी: दर कमी आहे की वेळ गळतोय?

एका ग्राहकाची गेल्या दोन महिन्यांतली पाच कामं काढा आणि प्रत्येकाला लागलेले तास लिहा. नुसते लिहिण्याचे नकोत, सगळे हवेत. ब्रीफ (काय आणि कसं लिहून हवंय ती माहिती) समजून घेण्याचा फोन, वाचन, लेखन, दुरुस्त्या, ‘जाता जाता एक टॅगलाइन पण सुचवा ना’ हे फुकटचं काम, बिल पाठवणं, पैशांसाठी केलेले फोन. समजा, 1,000 शब्दांच्या ब्लॉगचे दीड रुपया शब्दाने 1,500 रुपये मिळतात आणि सगळं धरून 5 तास जातात. तासाला 300 रुपये झाले.

आता लागतात किती ते पाहा. घरखर्च 35,000, कामाचा खर्च (नेट, वीज, लॅपटॉपची झीज, सॉफ्टवेअर) 5,000, आरोग्य विमा आणि बचत 10,000, असे महिन्याला 50,000 धरू. वर्षाचे 6 लाख. दिवाळी, लग्नसराई आणि आजारपण वजा जाता कामाचे महिने 11, म्हणजे दरमहा साधारण 54,500 मिळायला हवेत. बिलात धरता येतील असे तास महिन्याला 110 धरा. पंचवीस दिवस आठ-आठ तास बसलात तरी उरलेला वेळ कोटेशन, हिशेब आणि नवं काम शोधण्यात जातो. 54,500 भागिले 110, म्हणजे तासाला 495 रुपये. आकडे तुमच्या घरचे घाला, रीत हीच.

300 आणि 495 मधलं अंतर 65 टक्के आहे. इथे काही जण एकदम 65 टक्के वाढ मागून मोकळे होतात, तर काही जण तो कागदच फाडून टाकतात. दोन्हीची गरज नाही. त्या 5 तासांतला दीड तास दुरुस्त्यांत जात असेल, त्यातही दोघा-तिघांच्या उलटसुलट सूचना निस्तरण्यात, तर आधी ते थांबवा. दुरुस्तीच्या फेऱ्या दोनच, आणि सूचना एकाच माणसाकडून. काम 4 तासांवर येतं. त्यावर दर 1,500 चा 1,850 केलात, म्हणजे साधारण 23 टक्के वाढवलात, की तासाला 462 पडतात. तुमची कमाई तासामागे निम्म्याहून अधिक वाढली आणि ग्राहकाला दिसली 23 टक्क्यांची वाढ. उरलेलं अंतर पुढच्या वर्षीच्या फेरीत.

उलट, गळती तशीच ठेवून नुसता दर वाढवला तर वाढीव पैसे वाढीव दुरुस्त्यांत जातात. जास्त पैसे देणारा माणूस जास्त हक्काने बदल सुचवतो, हा मनुष्यस्वभाव आहे.

किती वाढवायचं याला एक साधा आडाखा आहे. 25 टक्के वाढवले तर 5 पैकी 1 ग्राहक गेला तरी एकूण रक्कम तेवढीच राहते आणि पाचवा हिस्सा वेळ मोकळा होतो. 20 टक्क्यांना हे प्रमाण 6 पैकी 1 आहे, 50 टक्क्यांना 3 पैकी 1 (ग्राहक साधारण सारख्या कामाचे आहेत असं धरून). 10 टक्के वाढ मात्र अनेकदा निरर्थक ठरते: तीच अवघड बोलणी करावी लागतात, पदरात काही पडत नाही आणि पुढचं वर्षभर पुन्हा विषय काढता येत नाही. चार वर्षं दर हललाच नसेल आणि महागाई वर्षाला 6 टक्के धरली, तर नुसतं आहे तिथे राहायलाच 26 टक्के वाढ लागते. ती पगारवाढ नव्हे, भरपाई आहे. ग्राहकाला हे ऐकवू नका. स्वतःला मात्र ऐकवा, म्हणजे निरोप लिहिताना हात थरथरत नाही.

मोजमाप बदला: शब्दावर नको, कामावर

शब्दामागे दर ठेवला की लेखन कांद्यासारखं होतं, भाव वर की खाली एवढंच उरतं. दीड रुपयाचे एक रुपया पंच्याऐंशी पैसे झाले हे वाचणाऱ्याला पैशापैशाने दिसतं. ‘ब्लॉग, 1,000 शब्दांपर्यंत, वाचनासह, दुरुस्तीच्या 2 फेऱ्या: 1,850 रुपये’ यात काम दिसतं.

मराठीत लिहिणाऱ्यांना तर शब्दमोजणी दुहेरी मार देते. आपल्याकडे विभक्तीचे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दाला चिकटून येतात. इंग्रजीत ‘घरासमोर’ म्हणायला तीन ते पाच शब्द खर्ची पडतात, मराठीत एकच मोजला जातो. त्यामुळे इंग्रजीवरून मराठीत केलेला अनुवाद शब्दसंख्येत हमखास कमी भरतो, मेहनत मात्र कमी होत नाही. अनुवादाचा दर शब्दावरच ठेवायचा असेल तर ‘मोजणी मूळ मजकुराच्या शब्दांवर’ हे कोटेशनमध्ये लिहाच. ज्यांनी आजवर लिहिलेलं नाही त्यांना या एका ओळीने दर न वाढवता वाढ मिळते.

रील स्क्रिप्ट, टॅगलाइन, होर्डिंगचा मजकूर, मिसळीच्या दुकानाचं मेनूकार्ड यांना शब्दाचा दर लावणं म्हणजे घड्याळ वजनावर विकणं. सात शब्दांच्या होर्डिंगचे साडेदहा रुपये होतात. अशा कामांना वेगळा ठोक दर ठेवा.

कोणाला आधी, कोणाला शेवटी

सगळ्यांना एकाच दिवशी निरोप पाठवू नका. पहिला नवा दर नव्या ग्राहकाला सांगा. त्याला जुना दर माहीत नसतो, त्यामुळे ती ‘वाढ’च नसते. दोन नव्या लोकांनी तो दर घासाघीस न करता मान्य केला, की जुन्यांशी बोलताना आवाज आपोआप स्थिर होतो.

त्यानंतर सगळ्यात कमी पैसे देऊन सगळ्यात जास्त फोन करणारा ग्राहक. तो गेला तरी हिशेबात फरक नाही. मग मधले. ज्याच्याकडून एकूण उत्पन्नाच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त येतं, तो सर्वांत शेवटी, आणि तेही तीन महिन्यांचा घरखर्च बँकेत बाजूला असेल तेव्हाच. ती शिल्लक नसेल तर ग्राहकाच्या पहिल्या ‘हंऽऽ’लाच तुम्ही माघार घ्याल.

कधी सांगायचं

वेळ चुकली की चांगला निरोपही फुकट जातो, आणि प्रत्येक धंद्याचं पंचांग वेगळं असतं.

बिल्डरांची जाहिरातीची घाई गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया आणि नवरात्र ते दिवाळी या काळात असते. नवरात्राच्या तोंडावर दर सांगितला तर तो अडवणूक वाटतो. काम होईलही, पण दिवाळीनंतर ते दुसऱ्याकडे जाईल. त्यांना श्रावणात सांगा. द्राक्षबागांसाठी खतं, औषधं, जैविक निविष्ठा विकणाऱ्या कंपन्यांना ऑक्टोबर छाटणीआधी पत्रकं, माहितीपुस्तिका, व्हिडिओच्या संहिता लागतात. नाशिक भागात फळछाटणी सप्टेंबर-ऑक्टोबरात चालते, म्हणजे त्यांच्याशी बोलायचं ते जुलैत. जानेवारी ते एप्रिल द्राक्षाचा हंगाम, त्यात निर्यातदाराला फोन करून दराचं बोलणं म्हणजे लग्नाच्या मांडवात उधारी मागणं. कॉलेज रोडच्या क्लासवाल्यांचा प्रवेशाचा हंगाम मे-जून, त्यांना फेब्रुवारी बरा.

सातपूर, अंबड, सिन्नरच्या कारखान्यांचा प्रकार निराळा. तिथे तुमचा दर परचेस ऑर्डरमध्ये, म्हणजे कंपनीच्या लेखी खरेदी-आदेशात, छापलेला असतो. ऑर्डर चालू असताना मार्केटिंगचे साहेब मनापासून ‘हो’ म्हणाले तरी सिस्टीममध्ये दर बदलत नाही. ऑर्डर कोणत्या तारखेला संपते ते विचारा आणि त्याच्या दोन महिने आधी सुधारित कोटेशन परचेस विभागाला मेल करा, व्हेंडर कोडसकट (कंपनीने तुम्हाला दिलेला पुरवठादार क्रमांक). आर्थिक वर्षाचं बजेट फेब्रुवारी-मार्चमध्ये पक्कं होतं, त्यामुळे जानेवारीअखेर गेलेलं कोटेशन सगळ्यात सुरक्षित.

नाशिकच्या सिंहस्थ कुंभमेळ्याबद्दल एक इशारा. हॉटेल, टूर, धर्मशाळा, पूजा बुकिंगच्या वेबसाइट अशा मंडळींचं काम 2026-27 मध्ये वाढतंय आणि ‘आत्ताच हात मारून घ्या’ हा सल्ला सर्रास मिळतो. रिक्षावाल्याने पर्वणीच्या दिवशी भाडं वाढवलं की आपण त्याला काय म्हणतो ते आठवा. तातडीच्या कामाला तातडीचा आकार लावा, उदाहरणार्थ 24 तासांत हवं असल्यास 50 टक्के जादा, आणि बिलात तो वेगळ्या ओळीत दाखवा. मूळ दर वाढवायचा तर तो सिंहस्थ संपल्यावरही तोच राहील असा ठेवा.

मुदत किमान 30 दिवसांची द्या. दरमहा ठरीव काम असेल तर 45 ते 60.

निरोप कसा असावा

जुन्या ग्राहकाला, ज्याच्याशी ‘दादा’ किंवा ‘ताई’ म्हणून बोलणं आहे, आधी फोन करा. इतक्या वर्षांच्या ओळखीत थेट मेल आला तर तो दुखावतो, आणि त्यात त्याचं चुकतही नाही. फोन तीन मिनिटांचा असावा आणि त्यात आकडा सांगितलाच पाहिजे. ‘जरा दराचं बोलायचं होतं, भेटू कधीतरी’ असं अर्धवट सोडलंत तर तो भेटणंच टाळेल. फोन झाला की त्याच दिवशी लेखी पाठवा. एजन्सी, कंपनी, हॉस्पिटल असेल तर थेट मेल.

मजकूर साधारण असा:

‘नमस्कार मॅडम,
आपल्या ब्लॉगचा दर (1,000 शब्दांपर्यंत 1,500 रुपये) गेली तीन वर्षं तोच आहे. 1 ऑक्टोबरपासून तो 1,850 रुपये राहील. त्यात विषयाचं वाचन, लेखन, शीर्षकाचे 2 पर्याय आणि दुरुस्तीच्या 2 फेऱ्या येतात. तिसऱ्या फेरीपासून प्रत्येक फेरीचे 300 रुपये.
30 सप्टेंबरपर्यंत ब्रीफ आलेली कामं नंतर पूर्ण झाली तरी जुन्याच दराने होतील.
महिन्याचं 9,000 चं बजेट सध्या वाढवता येत नसेल, तर 6 ब्लॉगऐवजी 4 ब्लॉग (7,400) आणि 4 सोशल मीडिया पोस्ट (1,600) असं काम त्याच रकमेत बसवता येईल.
20 सप्टेंबरपर्यंत कळवलंत तर ऑक्टोबरचं वेळापत्रक पक्कं करते.’

यात माफी नाही, गॅस सिलिंडरचा भाव नाही, मुलांच्या फीचा उल्लेख नाही. कारणं दिली की बोलणी कारणांवर घसरतात. ‘महागाई आम्हालाही आहे हो’ याला उत्तर नसतं. जुना दर, नवा दर, तारीख, कामात काय येतं, हातातल्या कामाचं काय आणि बजेट तेवढंच असेल तर काय, एवढं पुरतं. शेवटचा मुद्दा सगळ्यात कामाचा. मार्केटिंगवाली मुलगी शेठकडे जाते तेव्हा तिच्या हातात ‘त्याच नऊ हजारांत हेही बसतं’ हा पर्याय असतो. शेठना ‘नाही’ म्हणायची गरज उरत नाही, दोनातलं एक निवडायचं असतं.

‘करावा म्हणते’, ‘शक्य असल्यास’, ‘तुम्हाला चालेल का’ हे शब्द काढून टाका. नम्रता ‘नमस्कार’ आणि ‘आपल्या’ यांत पुरेशी आहे.

उत्तर आलं, आता कुठे अडलं?

पूर्ण शांतता असेल तर पाच कामाचे दिवस थांबा आणि एकदाच आठवण करा: ‘20 तारखेपर्यंत काही कळलं नाही तर ऑक्टोबरचा वेळ दुसऱ्या कामाला देईन.’ धमकीच्या सुरात नको, वेळापत्रकाच्या सुरात. आणि ‘हो’ लेखी आल्याशिवाय नव्या दराने काम सुरू करू नका. मौन म्हणजे संमती हे अकाउंटंटला मान्य नसतं. तुम्ही चार ब्लॉग लिहून नव्या दराचं बिल लावाल आणि पैसे जुन्या दराने येतील. त्यानंतरचं भांडण जिंकलात तरी ग्राहक हरवतो.

‘थोडं कमी करा ना’ हे नकाराचं वाक्य नव्हे, आपल्याकडे ती बोलण्याची रीत आहे. मेनरोडवर साडी घेताना विचारतात तसंच. घोळ होतो तो तुम्ही लगेच 1,850 चे 1,700 केल्यावर. समोरच्याला कळतं की 1,850 हा आकडा खरा नव्हता, आणि पुढच्या वर्षी तो 1,500 पासून सुरुवात करतो. पैसे कमी करायचे तर बदल्यात काहीतरी कमी झालंच पाहिजे: एक दुरुस्तीफेरी, शीर्षकाचे पर्याय, किंवा मुदत चार दिवसांऐवजी दहा. नाहीतर त्यांनी काही जास्त द्यावं. तीन महिन्यांचे पैसे आगाऊ दिले तर 5 टक्के सूट ठीक आहे. 10 च्या वर जाऊ नका, नाहीतर वाढवलेलं सगळं परत दिल्यासारखं होतं.

‘दुसरा शब्दामागे पन्नास पैशांत करतोय.’ करत असेलही. त्याच्याशी तुलना करत बसू नका, त्याची निंदा तर अजिबात नको. ‘त्या दरात मला हे काम नीट करता येणार नाही’ एवढं म्हणा आणि थांबा. यानंतरची शांतता भरून काढायचा मोह आवरा. बहुतेक सवलती याच दहा सेकंदांत दिल्या जातात.

‘आता चॅटजीपीटीच लिहून देतं, तुम्ही फक्त बघून द्या, निम्म्या दरात.’ ही अडचण नवी आहे आणि इथे फसायला होतं. आधी 300 शब्दांचा नमुना मागा आणि तो दुरुस्त करायला लागलेला वेळ मोजा. यंत्राच्या मराठीत वाक्याचा सांगाडा इंग्रजी राहतो, लिंग आणि सामान्यरूपं चुकतात, ‘च्या माध्यमातून’ आणि ‘प्रदान करते’ यांची रेलचेल असते, आणि आकडे तपासावे लागतात ते वेगळेच. असा मजकूर सावरायला अनेकदा नव्याने लिहिण्याइतकाच वेळ जातो. म्हणून ‘निम्मा दर’ आंधळेपणाने कबूल करू नका. संपादनाचा दर तासावर ठेवा आणि नमुन्यावरून अंदाज लेखी द्या. ग्राहकाला खरोखरच स्वस्त पडत असेल तर पडू दे. बऱ्याचदा अंदाज पाहून तोच म्हणतो, मग तुम्हीच लिहा.

पुण्या-मुंबईच्या एजन्सीचं ठरलेलं वाक्य: ‘नाशिकला खर्च कमी असतो ना.’ एजन्सी तिच्या ग्राहकाला बिल लावताना तुमचा पत्ता बघून सूट देत नाही. हे मनात ठेवा, बोलू नका. एजन्सीची खरी अडचण वेगळी असते: तिने पुढच्या ग्राहकाशी वर्षाचा दर बांधलेला असतो, मधे वाढ दिली तर ती तिच्या नफ्यातून जाते. तेव्हा विचारा, ‘या खात्याचा (म्हणजे त्या पुढच्या ग्राहकाचा) करार कधी नूतनीकरणाला येतोय?’ आणि नवा दर त्या तारखेपासून लावा. नव्या खात्यांना मात्र आजपासून. एजन्सीला हे पटतं, कारण तिला ते तिच्या कोटेशनमध्ये घालता येतं.

दर मान्य झाला पण काम कमी झालं, तर लगेच घाबरू नका. दोन महिन्यांची बेरीज करा. 6 ब्लॉगांचे 9,000 मिळायचे आणि आता 5 ब्लॉगांचे 9,250 मिळत असतील, तर हा बिघाड नाही, हेच तर हवं होतं. 3 वर आलं असेल तर ग्राहक हळूहळू निरोप घेतोय. फोन करून सरळ विचारा, आणि तोवर ती जागा भरायला नवा ग्राहक शोधायला लागा.

दर वाढला, पैसे नाही वाढले

हा बिघाड सगळ्यात चिडवणारा, कारण लेखकाला वाटतं ग्राहकाने फसवलं, आणि कारण असतं कराचं.

महिन्याला 4,000 चं काम असेल तर वर्षाचे 48,000 होतात. व्यावसायिक शुल्कावर टीडीएस (पैसे देतानाच कापून घेतला जाणारा आयकर) कापायची वार्षिक मर्यादा 1 एप्रिल 2025 पासून 30,000 वरून 50,000 झाली, म्हणून तेव्हापासून काही कापलं जात नव्हतं. दर वाढून महिन्याचे 5,000 झाले की वर्षाचे 60,000, मर्यादा ओलांडली. कंपनी 10 टक्के कापते आणि हातात येतात 4,500. (काही कंपन्या हेच काम कंत्राटाच्या सदरात धरून 1 टक्का कापतात, कोणतं सदर लावणार ते आधीच विचारा.) हे पैसे बुडत नाहीत. तुमच्या पॅनवर जमा होतात आणि विवरणपत्रात वळते होतात, पण आयकर पोर्टलवर ते खरंच दिसतायत का हे दर तिमाहीला पाहा. कोटेशनमध्ये ‘दर टीडीएस वजा होण्यापूर्वीचे’ असं लिहा.

जीएसटीचा पेच याहून नाजूक. वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या वर गेली की नोंदणी लागते आणि बिलावर 18 टक्के चढतात. अंबडच्या कारखान्याला त्याचं काही वाटत नाही, त्याला त्या कराचं क्रेडिट मिळतं, म्हणजे ती रक्कम त्याने भरायच्या जीएसटीतून वजा होते. पण निवासी प्रकल्प करणाऱ्या बिल्डरला, 5 टक्के कर लावणाऱ्या रेस्टॉरंटला आणि हॉस्पिटलला सहसा ते मिळत नाही. त्यांच्यासाठी 18 टक्के हा सरळ खर्च असतो. तुम्ही 20 टक्के दर वाढवलात आणि त्याच महिन्यात जीएसटी लावलात, तर 100 रुपयांचं काम त्यांना 141 रुपये 60 पैशांना पडतं. तुमच्या मते वाढ 20 ची, त्यांच्या मते 41 ची. म्हणून नोंदणीच्या वर्षी अशा ग्राहकांची दरवाढ किमान सहा महिने पुढे ढकला.

तिसरा प्रकार: दर कबूल, पण 30 दिवसांत येणारे पैसे आता 90 दिवसांनी. यावर उपाय उद्यम नोंदणी, म्हणजे सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून सरकारकडे केलेली नोंद. ती सरकारी पोर्टलवर आधार आणि पॅनवर फुकट होते. ‘करून देतो’ म्हणून पैसे मागणाऱ्यांच्या नादी लागू नका. 2006 च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे नोंदणीकृत सूक्ष्म उद्योगाला लेखी करार असेल तर ठरलेल्या मुदतीत, जास्तीत जास्त 45 दिवसांत, आणि करार नसेल तर 15 दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. व्याज मागायची वेळ क्वचितच येते. खरा धाक दुसरा आहे: आकारणी वर्ष 2024-25 पासून, या मुदतीत न दिलेले पैसे ग्राहकाला त्या वर्षीचा खर्च म्हणून दाखवता येत नाहीत, प्रत्यक्ष देईल त्या वर्षीच दाखवता येतात. त्यामुळे मार्चमध्ये कंपन्यांचे अकाउंटंट स्वतःहून उद्यम क्रमांक विचारतात. तो बिलाच्या माथ्यावर छापा. बिल अकाउंट्सच्या मेलवर थेट पाठवा आणि नव्या दराचं पहिलं बिल पाठवताना मंजुरीचा मेल सोबत जोडा. निम्मे घोळ तिथेच मिटतात.

पुन्हा हीच वेळ येऊ नये म्हणून

दरवाढ दर चार वर्षांनी भूकंपासारखी येते, म्हणून ती जाणवते. प्रत्येक कोटेशनच्या आणि दरमहा कामाच्या करारपत्राच्या तळाशी एक ओळ टाका: ‘हे दर 31 मार्चपर्यंत लागू. 1 एप्रिलला फेरआढावा.’ कोटेशनवर मुदत नसली की तो दर कायमचा समजला जातो. फोनमध्ये 15 जानेवारीची आठवण लावून ठेवा. त्या दिवशी वर सांगितलेले पाच कामांचे तास पुन्हा मोजा. वेळ कमी लागत असेल आणि तासाचा हिशेब जुळत असेल तर त्या वर्षी वाढवू नका, आणि तेही ग्राहकाला लिहून कळवा: ‘या वर्षी दर तेच आहेत.’ असं एकदा कळवलेल्या ग्राहकाला पुढच्या वर्षी 12 टक्के सांगायला एक मेल पुरतो.

जो ग्राहक जाणारच आहे त्याचं हातातलं काम जुन्या दराने नीट पूर्ण करा, फाइली एका फोल्डरमध्ये घालून द्या, आणि त्याच्या बजेटात बसणारा एखादा नवा लेखक माहीत असेल तर त्याचं नाव सुचवा, अर्थात त्या लेखकाला आधी विचारून आणि पैसे कधी येतात तेही सांगून.